नागपूर, चॅपेल हिल आणि बावीसचा चौरस

(बंगळुरू येथील मराठी श्रोत्यांसमोर स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



परदेशात संशोधन करणारा तरुण गणितज्ञ, असा विषय संयोजकांनी मला सुचवला. बंगळुरूत हा विषय का निघावा, हे वेगळं सांगायला नको. इथे बसलेल्या कित्येक घरांतली मुलं-मुली आज अमेरिकेत किंवा युरोपात आहेत. त्यातली बरीचशी कंपन्यांत आहेत, काही थोडी गणितात. या थोड्यांच्या आईवडिलांची पंचाईत मी जवळून पाहिली आहे. मुलगी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हटलं की नातेवाईक मान डोलावतात. ती गणितात पीएच.डी. करते म्हटलं की लगेच विचारतात, "म्हणजे नक्की काय करते?" आणि घरात कुणाकडेच धड उत्तर नसतं. पुढचे प्रश्न त्याहून जड असतात. वय तिशीला आलं, अजून कायमची नोकरी का नाही? परत कधी येणार? तिथे एवढी वर्षं काय चाललंय?

या प्रश्नांना मोघम उत्तर देण्यात अर्थ नाही. म्हणून मी एकाच माणसाचं काम तुमच्यापुढे उलगडून ठेवणार आहे. शरदचंद्र शंकर श्रीखंडे. गणिताच्या जगात हे नाव आदरानं घेतलं जातं, मराठी घरांत मात्र ते फारसं ऐकू येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. परदेशी गेलेल्या तरुण गणितज्ञाचा हिशेब विद्यापीठाच्या नावावरून किंवा पगारावरून लागत नाही. त्यानं कुठला प्रश्न हातात धरलाय आणि कुणाच्या सोबतीनं धरलाय, हे विचारावं. आणि मग त्याला दहा वर्षं द्यावीत.

श्रीखंड्यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, सागरचा. गोविंदपंत बुंदेल्यांनी पेशव्यांच्या वतीनं तिथं बस्तान बसवलं, तेव्हापासून त्या भागात मराठी घरं आहेत. श्रीखंड्यांच्या लहानपणी सागर मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होतं आणि प्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे तिकडचा हुशार मुलगा शिकायला नागपूरची वाट धरायचा. श्रीखंडे तिथल्या सरकारी विज्ञान महाविद्यालयात शिकले आणि पुढे नागपुरातच शिकवू लागले. ते अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या विभागात गेले तेव्हा तिशीच्या आसपास होते, आणि १९५० साली पीएच.डी. झाले. आजच्या हिशेबानं हा उशीरच म्हणायचा. विशीत काही केलं नाही तर गणितात काही होत नाही, असा एक समज आपल्याकडे रामानुजनच्या गोष्टीनं पक्का करून ठेवलाय. श्रीखंडे त्या समजाला जिवंत उत्तर आहेत.

चॅपेल हिलचा संख्याशास्त्र विभाग तेव्हा अगदी कोवळा होता. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी तो १९४६ मध्ये उभा केला. गाव लहान, दक्षिणेकडचं, आणि त्या राज्यात वर्णभेदाचे कायदे अजून लागू होते. अशा ठिकाणी नागपूरचा माणूस जाऊन बसतो, कारण त्याला हवा असलेला मार्गदर्शक तिथे आलेला असतो. ते राजचंद्र बोस. बोस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून आले होते. म्हणजे महालनोबिसांनी १९३१ मध्ये सुरू केलेली तीच संस्था, जिचं एक केंद्र आपल्याच शहरात म्हैसूर रस्त्यावर आहे. अमेरिकेत श्रीखंड्यांच्या हाती आलेला विषय कोलकात्यात वाढलेला होता. परदेश म्हणजे परकी विद्या, असं आपण सहज धरून चालतो. इथे तसं नव्हतं.

आता तो विषय पाहू. शेतकी प्रयोगांतून तो निघाला. समजा ज्वारीची सात वाणं आहेत. कुठलं चांगलं ते ठरवायचंय. पण जमीन सारखी नसते. एका पट्ट्यात तीनच वाणं मावतात आणि पट्ट्यापट्ट्यानुसार मातीचा कस बदलतो. मग कुठल्याही दोन वाणांची तुलना निदान एकदा तरी एकाच मातीत झाली पाहिजे, आणि सगळ्या जोड्यांना सारखाच न्याय मिळाला पाहिजे. सात पट्ट्यांत हे असं जमतं:

१-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३

घरी गेल्यावर कागदावर तपासा. कुठलीही जोडी घ्या, ती बरोबर एका पट्ट्यात सापडेल. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३७-३८ च्या हिवाळ्यात भारतात आले होते. त्या सुमारास कोलकात्यात अशा मांडण्यांवर जोरात काम सुरू होतं, आणि बोसांनी १९३९ मध्ये त्या तयार करण्याच्या रीतींवर जो लेख लिहिला तो या विषयाचा पाया मानला जातो. वरवर हे शेतकी खात्याचं काम वाटतं. खोलात गेलं की त्यात बीजगणित, भूमिती आणि अंकसिद्धांत सगळंच येतं.

तरुण श्रीखंड्यांनी याच विषयातला उलटा प्रश्न घेतला: कुठली मांडणी होऊच शकत नाही? हा प्रश्न अवघड का, ते एका उदाहरणावरून कळेल. २२ वाणं, २२ पट्टे, प्रत्येक पट्ट्यात ७ वाणं, आणि कुठलीही दोन वाणं बरोबर २ पट्ट्यांत एकत्र यावीत. साधा हिशेब जुळतो. एक वाण ७ पट्ट्यांत असतं, प्रत्येक पट्ट्यात त्याच्याबरोबर आणखी ६, म्हणजे ४२ भेटी. आणि उरलेल्या २१ वाणांना दोनदा भेटायचं म्हणजेही ४२. हिशेब जुळला म्हटल्यावर कुणीही मांडायला बसेल आणि आयुष्यभर मांडत राहील. श्रीखंड्यांनी सिद्ध केलं की वाणं आणि पट्टे यांची संख्या समान आणि सम असेल, तर पट्ट्यातल्या वाणांच्या संख्येतून जोडीच्या भेटींची संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरलाच पाहिजे. इथे ७ वजा २ म्हणजे ५. पाच हा वर्ग नाही. खेळ संपला, बावीसची ही मांडणी या जगात नाही. ज्या कोट्यवधी मांडण्या कुणी करून पाहिल्या नाहीत, त्या सगळ्यांविषयी हा निकाल एका ओळीत लागतो. गणितात काम करणाऱ्या माणसाला ज्याची ओढ असते ती गोष्ट मला इथे दिसते.

हा निकाल देणारा लेख १९५० चा. पण त्याच सुमारास शुट्झेनबर्जे यांनी, आणि चौला व रायसर या जोडीनं, हाच नियम आपापल्या वाटेनं काढला होता. तरुण संशोधकाच्या आयुष्यातला हा भाग बाहेरच्यांना ठाऊक नसतो. तुम्ही दोन वर्षं खपून जे काढता, ते त्याच महिन्यांत दुसऱ्या देशात कुणीतरी काढत असतं. त्यात कुणाची चोरी नसते. प्रश्न पिकलेला असतो एवढंच. पण पहिल्यांदा असं घडतं तेव्हा पायाखालची जमीन सरकते. तुमच्या घरातलं मूल एखाद्या आठवड्यात फोनवर गप्प गप्प वाटलं तर हेही एक कारण असू शकतं, हे लक्षात असू द्या.

आजचा मार्ग श्रीखंड्यांच्या काळाहून वेगळा आहे, तोही थोडक्यात सांगतो. पीएच.डी. संपली की दोन-तीन वर्षांची पोस्टडॉकची जागा मिळते. ती संपायच्या आत दुसरी शोधावी लागते, बहुधा दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात. शरद ऋतूत अर्ज करायचे, ज्येष्ठांकडून शिफारसपत्रं मागायची, आणि वसंतापर्यंत वाट बघत बसायचं. लेख नियतकालिकाकडे पाठवला की परीक्षकाचं मत यायला वर्षसुद्धा लागतं. लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं छापायची या विषयात रीत आहे, त्यामुळे पहिलं नाव म्हणजे मोठं काम असं काही नसतं. नवरा-बायको दोघंही संशोधनात असतील तर एका गावात दोन जागा मिळणं म्हणजे नशीबच. व्हिसाचा घोर वेगळाच. आणि या सगळ्याच्या मधे रोज सकाळी कागद घेऊन बसायचं, जिथे बहुतेक दिवस काहीच हाती लागत नाही. या मुलांच्या चिकाटीबद्दल मला खरोखर आदर आहे. त्यांना आळशी किंवा अव्यवहारी म्हणणाऱ्यांनी हा दिनक्रम एक महिना पाळून पाहावा.

श्रीखंडे पदवी घेऊन भारतात परतले आणि नागपुरात शिकवू लागले. लोकांनी विचारलं असतं की अमेरिकेत जाऊन काय मिळवलं, तर दाखवायला एक प्रबंध आणि काही लेख होते. १९५० च्या दशकाच्या अखेरीला ते पुन्हा चॅपेल हिलला गेले, पुन्हा बोसांकडे. आणि तेव्हा ते घडलं ज्यासाठी मी आज उभा आहे.

त्याची गोष्ट सुरू होते अठराव्या शतकात. गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर सत्तरी ओलांडलेला, जवळजवळ आंधळा. सेंट पीटर्सबर्गला बसून त्यानं एक कोडं मांडलं, जे १७८२ मध्ये छापलं गेलं. सहा पलटणी आणि सहा हुद्दे. प्रत्येक पलटणीतून प्रत्येक हुद्द्याचा एकेक अधिकारी, असे छत्तीस. त्यांना सहा आडव्या आणि सहा उभ्या रांगांच्या चौरसात असं उभं करायचं की कुठल्याही आडव्या किंवा उभ्या रांगेत पलटणही परत येऊ नये आणि हुद्दाही. तीनचा चौरस सोपा आहे. अक्षर म्हणजे पलटण, आकडा म्हणजे हुद्दा:

क१ ख२ ग३
ख३ ग१ क२
ग२ क३ ख१

अक्षरांचा एक चौरस, आकड्यांचा एक, आणि एकावर एक ठेवल्यावर नऊच्या नऊ जोड्या एकेकदा येतात. अशा दोन चौरसांना आपण जुळणारी जोडी म्हणू. ऑयलरला विषम संख्यांसाठी आणि चारच्या पटींसाठी जोड्या सापडल्या. सहासाठी सापडेना. त्यानं अटकळ बांधली की २, ६, १०, १४, १८, २२... म्हणजे चारनं भागून दोन उरतात अशा कुठल्याही संख्येला जोडी नाहीच. अल्जीरियात सरकारी नोकरी करणाऱ्या गास्तों तारी यांनी १९००-०१ मध्ये सहाचा निकाल लावला. मूळ ९४०८ चौरसांचे मोजके गट पाडून त्यांनी एकेक तपासले आणि ऑयलर सहाबाबत बरोबर ठरला. मग साहजिकच सगळ्यांना वाटलं, पुढेही तो बरोबरच असणार. १९२२ मध्ये मॅकनीशनं त्याहून व्यापक अटकळ मांडली. दहाच्या चौरसासाठी संगणकालाही हात घालून झाला, पण शक्यता इतक्या की त्या यंत्राच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं.

पहिला तडा अर्नेस्ट पार्कर यांनी पाडला. ते युनिव्हॅक संगणकाच्या कंपनीत काम करत होते. २१ च्या आकाराला एकमेकांशी जुळणारे दोनच चौरस असतील असं मॅकनीशचं म्हणणं; पार्करनी चार उभे केले. बोस आणि श्रीखंडे यांनी त्यामागची कल्पना हातात घेतली आणि ज्या मांडण्यांवर दोघांनी वर्षानुवर्षं घालवली होती, त्या तिला जोडल्या. कसं ते बावीसच्या उदाहरणानं दाखवतो, कारण ते इतकं सुंदर आहे की ते न सांगता मला इथून जाववणार नाही.

१८५० मध्ये थॉमस कर्कमन या पाद्र्यानं विचारलं होतं: पंधरा मुली रोज तिघी-तिघींच्या पाच रांगांत फिरायला जातात. आठवड्याच्या सात दिवसांत कुठल्याही दोघी बरोबर एकदाच एका रांगेत याव्यात, असं होईल का? होतं. एकूण पस्तीस रांगा. आता प्रत्येक दिवसाची एक अशा सात बाया नेमा, आणि त्या त्या दिवशीच्या पाचही रांगांत त्या बाईंना घाला. तिघींच्या रांगा चौघींच्या झाल्या. आणि सात बायांचा मिळून आणखी एक गट करा. पंधरा आणि सात, बावीस. बावीसांतल्या जोड्या २३१. चौघींच्या पस्तीस गटांत प्रत्येकी सहा जोड्या म्हणजे २१०, सातांच्या गटात २१. बेरीज २३१. एकही जोडी सुटली नाही, एकही दोनदा आली नाही.

चार आणि सात या आकारांना जुळणारे चौरस भरपूर आहेत: चारला तीन, सातला सहा. त्यातला एकेक खर्ची घालून उरलेल्यांच्या ओळी अशा फिरवता येतात की दोन चौरसांच्या कर्णावर प्रत्येक घरात त्याच घराचं नाव येतं. मग बावीसचा मोठा चौरस भरायला घ्या. 'अ'ची ओळ आणि 'ब'चा स्तंभ जिथे मिळतात तिथे काय लिहायचं? अ आणि ब ज्या एकमेव गटात एकत्र आहेत, त्या गटाचा छोटा चौरस काढा आणि तो जे सांगेल ते लिहा. कर्णावर ज्याचं त्याचं नाव. दोन्ही छोट्या चौरसांवरून दोन मोठे चौरस तयार होतात, आणि ते जुळतात. १७७ वर्षं अशक्य मानलेली गोष्ट तुमच्यासमोर कागदावर असते.

मघाचा बावीस आठवा. जो आकडा एका मांडणीत अशक्य ठरवणारा नियम श्रीखंड्यांनी तरुणपणी दिला, त्याच आकड्याचा चौरस त्यांनी पुढे शक्य करून दाखवला. दोन्ही कामांना लागणारी जाण एकच. अमुक का होत नाही, हे ज्याला आतून कळलंय, त्यालाच कुठे फट आहे हे दिसतं. पीएच.डी.च्या काळातला 'नकाराचा' लेख वाया गेला नव्हता. त्याचं फळ असं हाताला आलं, नऊ वर्षांनी.

पाठोपाठ पार्करनी दहाचा चौरस शोधला. मग तिघांनी मिळून दाखवलं की दोन आणि सहा सोडले तर ऑयलर प्रत्येक वेळी चुकला होता. एप्रिल १९५९ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यूयॉर्कच्या अधिवेशनात हे मांडलं गेलं आणि २६ एप्रिलच्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर बातमी आली. सायंटिफिक अमेरिकनच्या नोव्हेंबरच्या मुखपृष्ठावर दहाचा चौरस रंगांत झळकला. श्रीखंडे तेव्हा एकेचाळीस वर्षांचे होते, बोस सत्तावन्न, पार्कर तेहेतीस. संघ असावा तर असा: तिघांची वयं वेगळी, देश दोन, आणि एकजण तर विद्यापीठातलाही नाही.

त्याच वर्षीच्या एका लेखात श्रीखंड्यांनी एका प्रकारची मांडणी एकमेव असते हे सिद्ध केलं, आणि चार या आकाराला नियम मोडतो हेही दाखवलं. तो अपवाद म्हणजे सोळा बिंदूंची एक आकृती. प्रत्येक बिंदू सहा बिंदूंना जोडलेला, आणि कुठलेही दोन बिंदू घ्या, त्यांचे सामाईक शेजारी बरोबर दोन. जगभर ती आज 'श्रीखंडे ग्राफ' म्हणून शिकवली जाते. आपल्या बंगळुरूतल्या संगणकशास्त्राच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी हे नाव वाचलं असेल, ते नागपूरकराचं आहे हे माहीत नसताना.

यानंतर अमेरिकेत राहणं त्यांना सहज जमलं असतं असं मला वाटतं. ते परत आले. बनारस हिंदू विद्यापीठात शिकवलं, आणि १९६३ पासून मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची उभारणी केली. १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत विभागाचे संस्थापक प्रमुख आणि तिथल्या प्रगत अभ्यास केंद्राचे संस्थापक संचालक तेच होते. नवीन सिंघी, वसंती भट-नायक यांच्यासारखे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. कॉम्बिनेटोरिक्सला, म्हणजे मांडण्यांच्या या गणिताला, तेव्हा गणितातले मोठे लोक दुय्यम समजत. आज भारतात या विषयाला जो मान आहे त्यात मुंबईच्या त्या पंधरा वर्षांचा वाटा मोठा आहे, हे मी ठामपणे म्हणतो. त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे हेही याच विषयातले प्राध्यापक झाले. शरद साने यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पुस्तक केंब्रिजनं १९९१ मध्ये छापलं.

परत आलेच पाहिजे, असा मात्र माझा आग्रह नाही. बोस परतले नाहीत, आणि म्हणून श्रीखंड्यांना जायला एक घर मिळालं. जाणारा आणि राहणारा दोघंही लागतात. श्रीखंडे दहा वर्षांच्या अंतरानं पुन्हा त्याच माणसाकडे, त्याच प्रश्नांकडे गेले, याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. तुमची मुलगी पुढची जागा निवडत असेल तेव्हा विद्यापीठाचा क्रमांक विचारण्याआधी एवढं विचारा: तिथे तुझ्याशी रोज बोलणारं कोण आहे?

आणि काम संपलेलं नाही, हे इथल्या तरुण श्रोत्यांसाठी. दहाच्या आकाराचे दोन चौरस जुळतात हे पार्करनी दाखवलं. नऊ एकमेकांशी जुळू शकत नाहीत हे १९८९ मध्ये लॅम, थील आणि स्विएर्झ यांनी संगणकाच्या प्रचंड शोधातून दाखवलं. पण तीन जुळतात का? हे आजही कुणालाच माहीत नाही. प्रश्न सातवीतल्या मुलाला समजेल इतका सोपा आहे.

श्रीखंडे २१ एप्रिल २०२० रोजी विजयवाड्यात वारले, वयाच्या एकशे दोनाव्या वर्षी. टाळेबंदीचे दिवस होते, त्यामुळे त्यांच्या जाण्याची दखल घ्यावी तशी घेतली गेली नाही. जे १९६३ ते १९७८ या काळात मुंबई विद्यापीठात त्यांच्यापुढे बसले, ते आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यातले काही आपल्या शहरात मुलांकडे राहायला आलेले असणार. तुम्ही त्यांच्यापैकी असाल, किंवा तुमच्या ओळखीत कोणी असेल, तर श्रीखंडे सर फळ्यावर कसं शिकवत, काय विचारत, कशावर चिडत, कशानं खूश होत, हे कृपा करून मराठीत लिहून काढा. चार पानं पुरेत. या वर्षीच काढा.